आत्याचा कुलर
वाळ्याचा वास आला की मला अजून मळमळतं. त्या उन्हाळ्यात आमचा कुलर घाण वास मारायचा, म्हणून आई टाकीत वाळ्याची जुडी टाकायची. शेवटी मिस्त्रीने मागची जाळी काढली, तर ओल्या गवतात उंदीर कुजून चिकटलेला. शी! महिनाभर आम्ही तीच हवा खात होतो. मिस्त्री म्हणाला, "मोटर चांगली हाय की, गवत तेवढं बदला." आईने नवाच कुलर आणला आणि जुना वळसंगच्या आत्याला द्यायचं ठरवलं. "द्यायचाच आहे, मग गवत कशाला बदलायचं?" म्हणत तिने उंदीर काढून फेकला आणि ताजा वाळा टाकला. चार दिवसांनी आत्याचा मला फोन आला, "लई ग्वाड वास येतोय की रं!" मी "व्हय" म्हणालो. ते "व्हय" अजून तोंडात कुजतंय.