पटलेभाऊंचा डावा दरवाजा

चुंबक दरवाजाला चिकटेचना. वर लावलं की टक्कन बसायचं, खाली आणलं की गळून पडायचं. म्हणजे खाली पत्रा उरलाच नव्हता, नुसती पुट्टी होती. पुट्टी म्हणजे खड्डे भरायचा लगदा. वरून रंग मारला की डोळा फसतो, चुंबक नाही फसत.

दोन हजार आठ-नऊची गोष्ट. फुलचूरला आमचं डेंटिंगचं गॅरेज. नवऱ्याच्या शेजारी उभं राहून मी काम शिकले, ते गेल्यावर मीच चालवलं. गाडी सौंदडच्या पटलेभाऊंची, जुनी ॲम्बेसेडर.

"भाऊ, दरवाजाच बदलून टाकू. नागपूरले जुना चांगला मिळते."

"नाही बदलायचा जी."

"काऊन? पुरा सडला ना!"

त्यांनी दरवाजा उघडला. आत, काचेच्या खालच्या पट्टीवर बारीक बारीक रेघोट्या. "बायकोच्या बांगड्या घासत इथं. हात ठेवून बसे. आता ती नाही, एवढंच आहे."

मी पुट्टी खरवडायला बसले. तर काय, दरवाजाच्या तळाची चारही भोकं बुजलेली! काचेच्या फटीतून आत शिरलेलं पाणी त्याच भोकांतून बाहेर पडतं. वाट बंद, पाणी आतच, पत्रा कुजला. आणि बुजवली कोणी? मीच. नवी होते तेव्हा. भोकांत धानाचा कोंडा अडकतो, दिसतंही वाईट, म्हणून गुळगुळीत करून दिली होती. भाऊंनी तेव्हा शाबासकीही दिली होती!

"काऊन थांबल्या बाई?"

"भाऊ, हा दरवाजा मीच सडवला."

ते स्टूल ओढून बसले. "मंग तुमीच वाचवा."

पत्रा वरून गंजला तर घासून वाचतो, आतून गंजला तर कापावाच लागतो. टोच्या मारून पाहिलं. आतला सांगाडा शाबूत होता, तळाची चार बोटं सोडून. बाहेरचा पत्रा सगळा काढला, नवा चढवला. तळाला नवा तुकडा वेल्ड केला. तेवढा वेळ रेघोट्यांवर ओलं पोतं धरून ठेवलं, आचेनं रंग जळू नये म्हणून.

पेंटर म्हणाला, "अंदर भी मार दूँ बाई? खरोंच दिख रही है."

"हात मत लगाना!"

गाडी न्यायला आले तेव्हा भाऊंनी आधी पट्टीवरून बोट फिरवलं. मग गुडघ्यावर बसून दरवाजाच्या खाली वाकले.

"भोकं उघडी आहेत ना जी?"

"चारही."

त्यानंतर मी कितीतरी गाड्या केल्या. दिसायला वाईट दिसलं तरी पाण्याची वाट कधी बुजवली नाही.