पंच चुकला, पंचानंच सांगितलं

पिरनवाडीचे रवळू मास्तर एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवायचे आणि सुट्टीत कुस्त्यांचे पंच व्हायचे. त्यांनी पाठ टेकली म्हटलं की टेकली. कुठल्या मैदानात कुणी हूं की चूं केलं नाही, आणि त्याचा त्यांना गर्व होता, उगीच कशाला लपवा! त्याच नावावर बेळगावातल्या एका शाळेनं त्यांना रोबोटच्या स्पर्धेला पंच नेमलं. दोन यंत्रं रिंगणात एकमेकांना ढकलणार, आधी बाहेर जाईल ते हरणार. ही तर कुस्तीच की, म्हणत मास्तर गेले.

अंतिम सामन्यात निपाणीच्या सौम्याचं यंत्र आणि यजमान शाळेचं, दोन्ही एकदमच रेषेवरून घसरली. मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि यजमान जिंकले म्हणून सांगितलं. राज्य स्पर्धेला तेच जाणार होते.

सौम्या रडली नाही की भांडली नाही. भावानं केलेलं शूटिंग घेऊन समोर आली.

"सर, एकदा बघा. मग आम्ही हरलो म्हणा."

मास्तरांचं डोकंच सणकलं. कालची पोर आपल्याला शिकवते? पण नजर पडलीच. यजमानांचं चाक आधी बाहेर गेलं होतं. मास्तरांनी तीनदा बघितलं, तिन्ही वेळा तेच.

शाळेचे सेक्रेटरी धावत आले. नियमात व्हिडिओ बसत नाही, दिलेला निकाल बदलत नाही, असं त्यांनी बजावलं. वर कानात म्हणाले, नाव तुमचंच जाईल. खरंच होतं ते. गप्प बसावं, कुणाला कळतंय, असं मास्तरांना वाटूनही गेलं, आणि तसं वाटल्याची भयंकर लाज वाटली.

त्यांनी माईक ओढून घेतला.

"मी चुकलोय. निपाणीची पोरं जिंकली. आता नियम बदलायचा का मला बदलायचं, ते तुमी बघा."

पालक उठून उभे राहिले. सेक्रेटरींना मुकाट्यानं ढाल निपाणीला द्यावी लागली.

बदललं अर्थात मास्तरांनाच. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. तरी मास्तर गेलेच. पहिल्या रांगेत, नेमके रेषेसमोर, मोबाईल दोन्ही हातांनी धरून बसले. सेक्रेटरींनी विचारलं, तुम्ही कशाला आलात?

"यंदाचा पंचबी माणूसच हाय न्हवं," रेषेवरची नजर न काढता मास्तर म्हणाले. "सरका जरा. मधे येताय."