लोखंडाचं खानदान

"आमचं खानदान लोखंडाचं हाय, मास्तर," असं म्हणत तो पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायचा. पुरावा म्हणून आजोबा तयार असायचे. त्यांनी जन्मभर तंबाखू खाल्ली आणि नव्वदीत आंब्यावरून पडून गेले. "तंबाखूनं गेले का? आंब्यानं गेले!"

अमरावतीला आमच्या शेजारी राहून तो वरूडच्या संत्र्यांची दलाली करायचा. फळ हातात घेतलं की कलम कसं, जमीन कशी, पाणी किती, सगळं सांगायचा. स्वतःच्या बाबतीत मात्र फक्त कलम बघायचा, तेही अर्धं.

मी म्हटलं, "अरे, तुझा मामा तोंडाच्या कॅन्सरनंच गेला ना?"

"मामा आपल्या खानदानात येते काय? ते मायचं घरानं!"

अशी वंशावळ मांडणारे तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्या हिशेबी आई घरात पाहुणी आलेली असते.

मग गालात चट्टा आला. डॉक्टर म्हणाले, "आईकडचंही तुमच्यात येतं. रक्तात थोडा धोका असेलही, पण त्यावर तुम्ही रोज खर्रा घातलात. आजोबांना पचला, म्हणून तुम्हाला पचेल असं नाही." बाहेर आल्यावर तो रडला. मलाही फार वाईट वाटलं.

ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला. आता जायच्या आधी पोरीचं लग्न पाहायचं, एवढंच त्यानं मनाशी धरलं. अकोल्याचे पाहुणे पोरीला बघायला आले. अपघात झाला म्हणून सांग, असं सगळ्यांनी बजावलं होतं. त्यानं बसल्याबसल्याच सांगून टाकलं, "कॅन्सर हाय. थोडं रक्तातलं असन, बाकी म्या कमावलेलं."

मुलाच्या बापाचा चेहरा पडला. "मंग पोरीले बी...?"

पोरीनं पोह्यांचा ट्रे खाली ठेवला. "मी तपासत राहीन. धोका अंगात असन, तर त्यात भर घालनार नाई." मग मुलाकडे वळली. "तुमी खर्रा खाता काय?"

"कदी कदी."

"तोंड उघडा. तीन बोटं उभी घाला."

बापासोबत दवाखान्यात बसून ती हे शिकली होती. खर्र्यानं तोंड आखडत जातं. मुलाची दोनच बोटं गेली.

"नाई जमत," ती म्हणाली आणि ट्रे उचलून आत गेली.

पाहुणे चहा न घेताच उठले. पोरीचं लग्न पुढच्या वर्षी झालं, तोवर तो राहिला नव्हता. पण त्या दिवशी पाहुण्यांची गाडी वळली तरी तो अर्ध्या तोंडानं हसतच होता. हनुवटीवरून लाळ गळत होती आणि ती पुसायचंही त्याला भान नव्हतं.