दोरीला टांगलेली करवत

आबा, आमचे वडील, गेल्यावर दारावर भेटायला येणाऱ्यांची मोठी अडचण होती ती विषयाची. पांडेसऱ्याच्या कामगारवस्तीतल्या आमच्या खोलीपुढे सतरंजी टाकलेली असे. माणसं येत, टेकत, "वाईट झालं" म्हणत, आणि मग चहा येईपर्यंत काय बोलावं ते कुणालाच सुचत नसे. माझ्या थोरल्या भावाने ही अडचण नकळत सोडवली. आबांची चेनसॉ त्याने खाटेखालून ओढून बाहेर आणली आणि म्हणाला, "ही काही चालू होत नाही. दहावा झाला की भंगारवाल्याला देऊन टाकू."

माय आत भिंतीला टेकून बसली होती. "चालू झाली तर राहू दे, दादा," ती म्हणाली. वडील गेल्यापासून तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

तेवढं पुरलं. सतरंजीवर वर्कशॉप उघडलं.

आमच्या नात्यातले सगळे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर; आबा मात्र लाकडाच्या वखारीत ओंडके कापत, पावसाळ्याआधी सोसायट्यांमधली झाडं छाटत. ही करवत अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत काढलेल्या कुठल्याशा जहाजातून आलेली. आमच्यापैकी एकालाही तिच्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे निदानाला वेळ लागला नाही. आबांच्या छातीचं निदान केलेली मंडळीच आता करवतीभोवती बसली होती. काकांनी तेव्हा पित्त सांगितलं होतं, आता कार्बोरेटर सांगितला. माझ्या बहिणीचे यजमान सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात सुपरवायझर होते. ते म्हणाले, "प्लग. बाकी काही नाही."

जावयाचं मत, तेही दुःखाच्या घरी! नवा प्लग आला, बसवला, चालू करायची दोरी ओढून झाली. करवत गप्पच.

"पण प्लग बदलायलाच झाला होता," जावईपाहुणे म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शेजारच्या एका म्हाताऱ्यांनी मध्येच शंका काढली, सुतकात यंत्र खोलावं का? बराच खल झाला. सुतकात यंत्राची पूजा चालत नाही, दुरुस्ती चालते, असं ठरलं. कशाच्या आधारे, ते मी विचारलं नाही.

दोरी फार सहज येत होती, हे मला खटकत होतं. आबा रोज सकाळी स्विच बंद ठेवून करवत दोरीच्या मुठीने उचलत आणि स्तब्ध उभे राहत. करवत हवेत अडे, जराशी उतरे, पुन्हा अडे. लहानपणी मला ती त्यांची प्रार्थना वाटायची. मी तशीच उचलली, तर ती सरसर जमिनीला टेकली. सिलेंडरमध्ये हवा कोंडून राहतच नव्हती.

"कॉम्प्रेशन गेलंय हिचं," मी म्हणालो.

"तू शाळेत भूगोल शिकवतोस ना रे?" काका म्हणाले. ते बमरोलीला लूमचे मास्टर होते, आणि लूमच्या दुनियेत प्रत्येक दुखण्याला एकच औषध असतं. "तेल पाज तिले, तेल!" असं म्हणत त्यांनी प्लग काढला, भोकातून तेलाची धार सोडली, प्लग पुन्हा आवळला आणि दोरीला हिसका दिला.

करवत डरकाळी फोडून चालू झाली.

"चालनी! देखं का?" काका ओरडले. निळ्या धुराने सतरंजी भरून गेली, दारावर आलेली माणसं खोकत उठली, एकाचा चहा सांडला. माय दारात येऊन उभी राहिली. आणि करवत बंद पडली.

काकांच्या मते तेल कमी पडलं होतं. त्यांनी पुन्हा पाजलं. पुन्हा तीच डरकाळी, तोच धूर, तीच शांतता. आबांनाही त्यांच्या काढ्याने असाच तासभर आराम पडायचा, आणि तेवढ्यात काका सगळीकडे सांगून यायचे.

तेलाने दाब येतो आणि तेल जळताच जातो, म्हणजे पिस्टनची रिंग गेलेली. माझं हे म्हणणं "पुस्तकी" ठरलं. मंडळी जेवायला गेल्यावर मी सायलेन्सर खोलला. आत पिस्टन जवळजवळ गुळगुळीत होता, म्हणजे दोष त्याचा नव्हता. सिलेंडर उतरवला, तर रिंग काजळीत घट्ट रुतलेली आणि झिजून पातळ झालेली. लाकडाच्या काडीने मी खाच साफ केली. गॅरेजात एका मोपेडची रिंग मापाची मिळाली, टोकं कानशीने जराशी घासावी लागली. नवं गॅस्केट घालून सगळं आवळलं आणि करवत दोरीला टांगली.

ती अडली. जराशी उतरली. पुन्हा अडली.

पहिली दोरी ओढायचा मान अर्थातच पाहुण्यांचा. त्यांनी ओढली, करवत चालू झाली आणि चालूच राहिली. "मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो, प्लग," ते म्हणाले. काका म्हणाले, आत गेलेलं तेल आता कुठे मुरलं.

"पण ठेवून करायचं काय?" दादाने आवाजावर आवाज चढवून विचारलं. "घरात झाड कापणारा आहे कोण?"

माय डोळे मिटून उंबऱ्यावर बसली होती. "कापू नका काही," ती म्हणाली. "थोडा वेळ बंद करू नका, बस."

दादाने पुन्हा भंगारवाल्याचं नाव काढलं नाही.