मन्मथअप्पांचा कोरडा हापसा

फोन आला तेव्हा मी नांदेडला मुलीकडं होतो आणि तिच्या घरामागची मोकळी जागा पावलांनी मोजत होतो. कुणी सांगितलं नव्हतं. सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेलेला माणूस रिकामा ठेवला की असलं काहीतरी करतो. चौतिसाव्या पावलावर खिशातला फोन वाजला. औशाहून महादेवीवहिनी बोलत होत्या. "भाऊजी, तुमचे अप्पा गेले," त्या म्हणाल्या. जेवले, हात धुतले, जरा आडवा होतो म्हणाले... ते उठलेच नाहीत. मग म्हणाल्या, "चौदावं प्रकरण अर्धंच राहिलं बगा." नवरा जाऊन दोन तास झालेली बाई प्रकरणाचं बोलते, याचं मला नवल वाटलं. अप्पांच्या कादंबऱ्यांबद्दल वहिनींनी तीस वर्षांत माझ्यासमोर एक शब्द काढलेला नव्हता.

मन्मथअप्पा तोडकरी हे नाव वाचकांपैकी थोड्यांना माहीत असेल, पुष्कळांना नसेल. औशात त्यांचं भांड्यांचं दुकान, वडिलांपासूनचं. त्या दुकानात बसून त्यांनी अकरा कादंबऱ्या लिहिल्या आणि बारावी लिहिता लिहिता गेले. छापणारे त्यांना 'विनोदी अद्भुत कादंबऱ्या' म्हणत, अप्पा 'माझ्या थापा' म्हणत. राक्षस, चेटकिणी, उडणाऱ्या वस्तू, सगळं त्यांत आहे. पण अप्पांच्या राक्षसाला तीन डोकी असली तर एकाला ज्वारीची भाकरी पाहिजे असते, दुसऱ्याला भात, आणि तिसऱ्याचा सोमवार असतो. त्यांची उडती बाज, सुंभाची खाट, औशाच्या किल्ल्यावरून जाताना खाली उतरतेच, कारण सगळ्या गाड्या औशाला थांबतात, मग बाजेनंच काय घोडं मारलंय? त्यांचा एक राजा प्रत्येक थापेबरोबर बोटभर बुटका होत जातो. नवव्या प्रकरणात राणी त्याला उपड्या फुलपात्राखाली झाकून ठेवते, म्हणजे तिला निवांत स्वयंपाक उरकता येतो. हे वाचून लातूरच्या एका डॉक्टरांचे टाके उसवले होते, अशी आवई अप्पांनी स्वतःच उठवली होती.

आमची गाठ पडली ती फुलपात्रांमुळंच. मी मूळचा लोह्याचा, बदली होऊन औशाला आलो होतो आणि धाकट्या बहिणीच्या लग्नात द्यायची भांडी घ्यायला त्यांच्या दुकानात गेलो. भांड्यांवर नावं घालायचं काम अप्पा स्वतः करत. हातात ते घरघरणारं यंत्र धरून स्टीलवर अक्षरं काढता काढता ते गिऱ्हाइकाला बोलतं करायचे. कुठली सोयरीक, नवरदेव काय करतो, मावशीचं नाव आत्याच्या नावापेक्षा मोठं का पाहिजे... त्यांचं सगळं वाङ्मय त्या घरघरीतून आलंय. पण माझ्यापुढं त्यांची मात्रा चालली नाही. मी कमी बोलणारा. उलट तेच मला सांगत बसले की काल एक बाई सवतीचं नाव घालायला आली आणि रडू लागली. मी म्हटलं, "बरं... मग?" त्यांनी पुढचं सांगितलं. मी परत म्हटलं, "बरं... मग?" ही माझी नोकरीतली सवय. बांधावरून भांडणारे दोन भाऊ समोर आले की आपण कुणाची बाजू घ्यायची नाही, 'बरं, मग?' एवढंच म्हणत राहायचं. तासाभरात खूण कुणी सरकवली ते त्यांच्याच तोंडून बाहेर पडतं. त्या दिवशी अप्पांनी यंत्र बंद केलं, मला दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं आणि एक वही काढली. "ऐकून तर बगा," म्हणाले. तिथून पुढं तीस वर्षं, माझ्या बदल्या झाल्या, मी लातूरला घर बांधलं, निवृत्त झालो, तरी रविवारी दुपारी मी औशाच्या गाडीत असायचो.

मागच्या खोलीत अप्पा गादीवर, मी खुर्चीवर आणि दाराशी वजनकाट्याजवळ वहिनी, मोडीत आलेली जुनी भांडी निवडत बसलेल्या. मला पाणी नेहमी एकाच फुलपात्रातून यायचं. अप्पा वाचायचे आणि मी ऐकायचो. पण मोजणीदार नुसतं ऐकून थोडाच गप्प बसतो? तिसऱ्या कादंबरीच्या वेळी मी त्यांच्या राज्याचा नकाशा काढला, दिशा-प्रमाणासकट. त्यात राजवाड्यापासून चेटकिणीची गिरणी राक्षसाच्या तीन ढांगांवर होती, पण मागच्या प्रकरणात तेच अंतर पाच ढांगा लिहिलेलं. "त्या दिशी त्याच्या पायात काटा मोडला होता," अप्पा म्हणाले, आणि खरंच काट्याचं एक प्रकरण लिहून मोकळे झाले. मग माझ्या ध्यानात आलं की राज्यातली नदी सखल भागातून चढावर वाहतेय. मी नकाशा पुढं सरकवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला. "माहेरी चाललीय की वो ती," म्हणाले. "माहेरच्या वाटंला चढ लागत न्हाई."

एकदा नांदेडच्या एका परिसंवादात त्यांना कुणीतरी विचारलं, तुमच्या लेखनात मराठवाड्याचं वास्तव कुठं आहे? मी शेजारीच बसलो होतो. अप्पा शांतपणे म्हणाले, "माझा तीन डोक्याचा राक्षस टँकरच्या रांगेत हंडा घेऊन हुबा हाय. तीन डोकी हायत म्हणून त्याला तीन हंडे देत न्हाईत. आणखी किती वास्तव पायजे?" सभागृह हसलं. मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी त्यांची दखल घेतली नाही ती नाहीच. अप्पांना त्याचं फारसं काही नव्हतं. त्यांच्या समीक्षेचं काम औसा बघत होतं.

कारण सगळं औसा त्या पुस्तकांत होतं. न्हावी होता, कंपाउंडर होता, मुख्याध्यापक कुंभकर्णाचे सावत्र भाऊ म्हणून होते. लोक रागवायचे ते घेतलं नाही म्हणून. एक मावशी पुस्तक घेऊन दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "अप्पा, मला राक्षसीण केलास त्याचं काई न्हाई, पर शिंगं लई बारकी दावलीस. शेजारणीची बग केवढी हायत." अप्पांनी दुसऱ्या आवृत्तीत शिंगं वाढवून दिली.

मी मात्र कुठंच नव्हतो. हे लिहायला लाज वाटते, पण मला त्याचं वाईट वाटायचं. अकरा पुस्तकांची मुद्रितं मी तपासली, काना-मात्रा मी सुधारल्या, नदीचं माहेर मी शोधून दिलं आणि साधा पहारेकरी म्हणूनसुद्धा मला घ्यावंसं या माणसाला वाटलं नाही? निवृत्तीच्या दिवशी धीर करून विचारलंच. "तुम्ही हाव की वो," अप्पा म्हणाले. कुठं, म्हटलं. "मोजणीदार तुम्ही. हुडका." मी अकराही पुस्तकं पुन्हा वाचून काढली. सातव्यातला, फाइल हरवणारा पिशाच्च-कारकून म्हणजे मीच, असं ठरवून महिनाभर खुशीत होतो. मग एका रविवारी तो कारकून खरा ज्याच्यावरून उचलला होता तो माणूस, पुस्तकात आलो म्हणून पेढे घेऊन दुकानात आला. मी पेढा खाल्ला आणि तो विषय सोडला. निदान सोडला असं दाखवलं.

आमचा वाद फक्त एका गोष्टीवरून व्हायचा. त्यांच्या प्रत्येक कादंबरीत, राज्याच्या वेशीबाहेर, एक जुना हापसा असायचा. पाणी नसलेला. वाटसरू यायचा, दांडा हापसायचा, पाणी काही यायचं नाही. हापसा फक्त म्हणायचा, "बरं... मग?" की वाटसरू ओट्यावर बसून आपली सगळी कर्मकहाणी सांगायचा आणि सांगता सांगता त्याची त्यालाच वाट सापडायची. बास. हापशाला दुसरं काम नाही. कथानकाशी त्याचा संबंध मला कधी दिसला नाही. प्रत्येक मुद्रितात मी लाल शाईनं लिहायचो, 'हापसा कशासाठी? काढावा.' अप्पा खाली लिहायचे, 'असू द्या.' चौथ्या कादंबरीच्या वेळी ते डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लातूरला होते. मी संधी साधली आणि हापशाची तीन पानं सरळ काढून टाकली. पुस्तक छापून आलं. अप्पांनी पानं चाळली, परत चाळली. "हापसा कुठं गेला?" मी म्हटलं, कोरडाच होता, उपटून टाकला. अप्पा हसू लागले. इतके हसले की ठसका लागला, गादीवर कलंडले. दाराशी वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मला वाटलं, मोडीची धूळ नाकात गेली. पाचव्या कादंबरीत हापसा परत आला. आपल्याला कुण्या सरकारी माणसानं उपटलं होतं अशी त्याची तक्रार होती. तेही मुद्रित मी तपासलं आणि लाल शाईनं लिहिलं, 'काढावा.'

मी औशाला पोचलो तेव्हा दुकानापुढं सगळे राक्षस, चेटकिणी आणि पिशाच्चं जमली होती आणि ओक्साबोक्शी रडत होती. अप्पांच्या समाजात माणसाला बसवून मूठमाती देतात. ते नेहमी म्हणायचे, "आमचं बरं हाय, बसूनच जायचं. राहिलेलं लिहिता तरी येतं." त्यांना बसवताना मला ते आठवलं आणि भलत्या वेळी हसू आलं. पाहिलं तर न्हावीही हसत होता. शेवटी आम्ही दोघं एकमेकांना धरून रडलो.

त्यांच्यातलं दिवसकार्य, शिवगणाराधनेचं जेवण झालं, पाहुणे पांगले. पुढच्या रविवारी मी सवयीनं औशाच्या गाडीत बसलो आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की आता तिथं वाचणारं कुणी नाही. परतायलाही मन होईना. मागच्या खोलीत खुर्ची होती तिथंच होती. वहिनींनी त्याच फुलपात्रातून पाणी आणलं आणि दाराशी न बसता गादीच्या कडेला बसल्या. हातात वही. "ऱ्हायलेलं वाचते. ऐका," म्हणाल्या. भांड्यांची यादी वाचावी तसं त्या एका सुरात वाचू लागल्या. बुटक्या राजाचीच पुढची गोष्ट होती. राणीकडं पाहुणे आलेत, घासून पालथी घातलेली शंभर फुलपात्रं ओळीनं मांडलीत आणि त्यांतल्या कुठल्या एकाखाली राजा आहे ते आता तिलाच आठवत नाही. हैराण होऊन राणी वेशीबाहेर येते, तर तिथं...

"हापसा," मी म्हटलं. "अकरा वेळा सांगितलं होतं मी, काढा म्हणून."

वहिनी वाचायच्या थांबल्या. "भाऊजी, तुमाला अजून कळलं न्हाई?"

"काय कळायचं?"

"पाणी पिऊन घ्या अन् फुलपात्र पालथं करा."

मी पाणी प्यालो आणि फुलपात्र उलटं केलं. बुडाला बारीक अक्षरं होती, घासून घासून पुसट झालेली, पण वळण अप्पांचंच. 'हापसा.' तीस वर्षं मी त्यातून पाणी पीत होतो. इंचाइंचाचा हिशेब ठेवणारा मी, बुडाकडं बघायचं मला कधी सुचलं नव्हतं.

"सगळ्या औशाला ठावं हाय," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी कुणाला सांगू दिलं न्हाई. म्हणायचे, मोजणीदार हाय, घावंल त्याला कवातरी. तुम्ही बरं मग, बरं मग करत बसायचे म्हणून हे लिहीत गेले. ते काटा मोडायचं, नदीच्या माहेराचं... तुम्ही गेल्यावर म्हणायचे, हापशानं आज लई पाणी दिलं. अन् तुम्ही तर सोताला उपटून फेकलं." आणि त्या हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या असतील. मलाही हसू येत होतं, पण डोळ्यांपुढचं काही नीट दिसेना. "आलं बगा पाणी," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पदरानं स्वतःचेही डोळे पुसले.

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा वही उघडली. राणी ओट्यावर बसते. दांडा हापसते. सांगते की बाबा, राजा थापाड्या होता, बोटभर उरला होता, पण माझा होता, आणि आता शंभरांत तो कुठं आहे ते मला कळेना. 'हापसा म्हणाला,' एवढं वाचून वहिनी थांबल्या. त्यांनी वही माझ्याकडं वळवली. पुढं पान कोरं होतं.

वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी म्हटलं,

"बरं... मग?"

वहिनींनी वही मिटून मांडीवर ठेवली, जरा सावरून बसल्या. "मग काय," त्या म्हणाल्या, "राणीनं पदर खोचला अन् पयलं फुलपात्र उचललं..."