बुधवार दुपारपर्यंत

नवरा काही बोलला नाही म्हणजे त्याचा होकार आहे, असं मी एकदा धरून चालले. कुठल्याही बाईला हे सांगा, ती हसेल. नवरा गप्प असतो तेव्हा तो रागावलेला तरी असतो नाही तर पेपर तरी वाचत असतो, एवढं तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलेलं असतं. मी पडले शिकलेली. सरकारने मला जिनिव्हाला पाठवलेलं, देशादेशांतल्या व्यापाराच्या वाटाघाटी करायला. माझं डोकं चारचौघींसारखं कसं चालणार?

आमच्या त्या कामात एक पद्धत होती. कितीतरी देशांची माणसं एकेका मसुद्यावर महिनोन्महिने भांडायची. प्रत्येकाला हो का नाही विचारत बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून अध्यक्ष मसुदा सगळ्यांकडे पाठवायचे आणि एक वेळ ठरवून द्यायचे. तोवर ज्याला हरकत घ्यायची असेल त्याने घ्यावी. कुणीच काही बोललं नाही तर मसुदा मंजूर. मला ही पद्धत भारी आवडायची. ओरडणं नाही, हात वर करणं नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकला की काम झालं.

त्या वेळची मी आठवली की तिला एक टपली मारावीशी वाटते. काठापदराची साडी, वर जाडजूड कोट, पायांत लोकरीचे मोजे, काखेत फायली, आणि चालणं असं की देशाची सगळी आयात-निर्यात हिच्याच पदराच्या गाठीला बांधलेली आहे. जेवणाच्या सुट्टीत समोरच्या देशाच्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारता मारता तो किती माघार घेईल याचा अंदाज बांधण्यात बाईसाहेब पटाईत. वाटाघाटीत आपण कशासाठी अडून बसलोय हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हेही शिकल्या होत्या. पुढे पुढे ते स्वतःला तरी दिसायचं की नाही, कोण जाणे.

आमचे हे जयपूरला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. सोडाल्यात पहिल्या मजल्यावर भाड्याचं घर, तिथे हे आणि आमची मुलगी. हे मूळचे वाईकडचे, बोलणं मोजकं. खिडकीत, कपाटावर, एकदा तर डाळीच्या डब्याशेजारी, जिथे तिथे दगड ठेवलेले.

"दगडांत राहून दगड व्हाल एक दिवस," मी म्हणायचे.

"दगड बरे," हे म्हणायचे, "त्यांची बदली होत नाही."

मी हसायचे. विनोद चांगला होता म्हणून.

जिनिव्हातली माझी तीन वर्षं संपत आली तेव्हा एक कलम अर्धवट राहिलं होतं. हाताने छापलेल्या कापडावर परदेशात किती कर लागावा, याचं. त्यावर मी दीड वर्ष भांडत होते. दिल्लीहून विचारणा झाली, आणखी दोन वर्षं राहणार का? त्या रविवारी मी घरी फोन लावला.

"दोन वर्षं वाढवून देतायत. तुम्हाला काय वाटतं?"

"तुला काय वाटतं?"

"मी तुम्हाला विचारतेय ना."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. हे रिसीव्हर बाजूला ठेवून गॅस बंद करून आले.

"मला बुधवारी दुपारपर्यंत कळवायचंय," मी म्हटलं. "तोवर तुमचा फोन आला नाही, तर मी हो समजते."

 हे म्हणाले, "बरं, मॅडम."

बुधवारी सकाळी मी टेबलाशी बसून राहिले. समोर कागद होते, पण वाचलं काहीच नाही. एकदा फोन वाजला तेव्हा दोनदा वाजू दिला, मग उचलला. कुणीतरी चुकीचा नंबर फिरवला होता. बाहेर चर्चची घंटा दुपारचे बारा सांगून गेली. माझा जीव भांड्यात पडला. आनंद झाला असं नाही, सुटल्यासारखं झालं. मी दिल्लीला कळवलं, घरच्यांची संमती आहे.

डिसेंबरात सुट्टीवर आले तेव्हा हे चहाचा कप दोन्ही हातांनी धरून प्यायचे. मी म्हटलं, जयपूरची थंडी वाढली वाटतं यंदा. हे म्हणाले, हो, वाढलीय. पुढल्या खेपेला मी ह्यांना विलायती लोकरीची शाल आणली. बघा माझी हुशारी! हात थरथरतात तर शाल. माझ्यासमोर हे ती मुकाट्याने पांघरून बसायचे, मार्चमध्येसुद्धा. तो कंपवात आहे हे मला कळलं तेव्हा डॉक्टरांकडे जायला लागून ह्यांना वर्ष झालं होतं. सोबत मुलगी जायची, शाळेच्या गणवेशात.

कलम मंजूर झालं. दिल्लीत माझं कौतुकही झालं. पुढची वर्षं मी दिल्लीत नोकरी करायची आणि सुट्टी मिळेल त्या शनिवार-रविवारी जयपूर गाठायची. निवृत्त होऊन कायमची आले तोवर मुलगी डॉक्टर झाली होती, तिचं लग्न झालं होतं, जयपुरातच विद्याधर नगरात तिचं घर होतं. तिने बाबांना आपल्याकडेच आणलं होतं. मीही तिथेच राहायला आले. पाहुणी आल्यासारखी आले खरं तर. ह्यांना कुठली गोळी कधी द्यायची, ते मला नातीला सांभाळणाऱ्या आयाबाई शिकवायच्या.

एकदा मी ह्यांना गाडीत घालून जवळच्या सांगानेरला घेऊन गेले, कापडं हाताने छापतात तिथे. छापलेली कापडं उन्हात वाळत घातलेली, निळी, लाल, रांगाच्या रांगा. मी उत्साहाने सांगत होते, याच कापडासाठी ते कलम, याच्यासाठीच मी तिथे थांबले. ती सवलत नंतरच्या करारांमध्ये कधीच विरघळून गेली होती, हे सांगितलं नाही. ह्यांनी बराच वेळ त्या रांगांकडे पाहिलं. मग काहीतरी बोलले. आजाराने आवाज इतका बारीक झाला होता की कान तोंडाशी न्यावा लागे. मी वाकले.

"यातलं तुझं कुठलं?"

ह्यांचे डोळे हसत होते. मला एकही दाखवता आलं नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी हे गेले. त्या बुधवारबद्दल ह्यांना विचारायचं राहून गेलं, असं मी पुष्कळांना सांगते. राहून कसलं जातंय! निवृत्तीनंतरची चारपाच वर्षं रोज समोरासमोर बसून चहा घेत होतो. विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं असतं.

मागच्या महिन्यात नात शाळेतून आली आणि म्हणाली, "आजी, तू ऑफिसमध्ये काय करायचीस? आम्हाला क्लासमध्ये सांगायचंय." मला कुणी असं विचारलं की मी फुलते. मी तिला वाटाघाटी सांगितल्या, समोरच्याला कसं दमवायचं ते सांगितलं, आणि ती गप्प बसण्याची पद्धतही.

"मतलब, कोणी काहीच नाही बोललं तर हां समजायचं?"

"बरोबर."

"हे तर मस्त आहे, आजी!"

शनिवारी तिने आईला फोनवर निरोप टाकला. पाच वाजेपर्यंत तू नाही म्हटलं नाहीस, तर मी सोडाल्याला मैत्रिणीकडे रात्री राहायला जाणार. पाच वाजले, उत्तर आलं नाही. "भैया, जरा सांभाळून न्या," असं म्हणत मीच तिला ओळखीच्या रिक्षात बसवून दिलं. ओठांवर हात ठेवून दोघी हसलो. मुलगी तेव्हा हॉस्पिटलात ऑपरेशन करत होती. हातांत पेशंटचं पोट असताना ती फोन कुठून बघणार?

ती सातला घरी आली. आधी सोडाल्याला फोन करून पोरगी नीट पोचल्याची खात्री केली. मग माझ्याकडे वळली.

"हे तू शिकवलंस तिला?"

"अगं, गंमत..."

"या घरात ते पुन्हा चालणार नाही, आई."

तिचा आवाज चढला नव्हता. तसा तो कधीच चढत नाही, बापासारखाच. मी चहा केला. तिने घेतला नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी उभीच राहिली. मग मी, का कोण जाणे, बोलून टाकलं. म्हटलं, त्या बुधवारी बाबा बोलले असते, तर मी आले असते गं. एक फोन केला असता तरी आले असते.

 त्यावर ती म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

"करत होते. मी शाळेतून आले तेव्हा बाबा फोनपाशीच बसले होते, अर्धा नंबर फिरवून झाला होता. मीच रिसीव्हर काढून घेतला हातातून. म्हटलं, नका करू बाबा, तिला यायचं असतं तर तिने विचारलंच नसतं. तर म्हणाले, असं बोलू नये आईबद्दल. आणि उठून माझ्यासाठी पोहे करायला गेले."