आठ जीबी आणि एक लाल ठिपका

आमच्या माहेरी दुरुस्तीला दिलेली वस्तू कुणी डोळ्याआड करत नाही. काष्टीला विहिरीवरची मोटर जळली की वडील ती भरायला घेऊन जायचे आणि दुकानासमोर पोतं अंथरून दिवसभर बसायचे. आतली तांब्याची तार काढून हलकी तार भरतात, असा त्यांचा पक्का समज. दोनदा भाकरी बांधून मीही त्यांच्याबरोबर गेले होते. दुकानदारानं चहा मागवला तर तोसुद्धा ते मोटरकडे बघत प्यायचे. मला तेव्हा फार लाज वाटायची. आता मी पन्नाशीला टेकले आहे आणि भाजीवालीचं पारडं रिकामं असतानाही वाकून बघते.

मी केडगावला घरून अक्षरजुळणीचं काम करते. छापखाना मजकूर पाठवतो, मी पानं लावून देते. गेल्या वर्षी माझा लॅपटॉप इतका रेंगाळायला लागला की एक पान उघडायला लावून मी कुकर चढवून यायची. जो तो म्हणाला, मेमरी वाढवा.

आता ती किती आणि कुणाकडून वाढवायची? शहरातला एक दुकानदार म्हणाला, सोळा जीबीची नवी टाकतो, तुमची जुनी आठची इथंच ठेवा. माझी जुनी त्याला कशाला हवी? दुसऱ्यानं लॅपटॉप उघडूनही न बघता नवाच घ्यायला सांगितलं. मग मोबाईलवर माहिती सांगणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले, तर प्रत्येक जण शेवटी काहीतरी विकत होता.

तिसरं दुकान आमच्याच पुणे रस्त्यावर, नुकतंच उघडलेलं. मालक जामखेडकडचा. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काम करून त्यानं हे स्वतःचं मांडलं होतं. फलकाच्या एका कोपऱ्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. त्यानं लॅपटॉप चालू करून बघितला आणि म्हणाला, "ताई, सोळाची काय गरज न्हाई. आत एक जागा रिकामी हाय. तुमची आठची ऱ्हाऊ द्या, तिच्याजोडीला तशीच अजून एक टाकू. लई झालं तुमच्या कामाला."

सगळ्यांत कमी खर्चाचं त्यानं सांगितलं, म्हणून मला सगळ्यांत जास्त संशय त्याचाच आला. यात याचा फायदा काय? मी तसं विचारलंच. तो हसला. "दुकान नवीन हाय ताई. चार लोकांत तुमी चांगलं बोलला तर मी टिकनार, न्हाईतर परत दुसऱ्याच्या हाताखाली." फारच गोड बोलतो, असं मी मनात म्हटलं. मेमरी मागवून ठेवतो, उद्या दुपारी या, असं त्यानं सांगितलं.

घरी येऊन वडिलांना फोन लावला. त्यांना लॅपटॉपमधलं काही कळत नाही, पण दुकानदारातलं कळतं.

"निशानी करून दे," ते म्हणाले. "आन् वरच्या पाटीवर करू नगं. मोटरची पाटी काय, कुनीबी उचकटून दुसऱ्या मोटरला लावतंय. आतल्या तांब्यावर कर. तांबं बदललं की लगेच कळतंय."

मला ते तंतोतंत पटलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर लॅपटॉप बंद केला आणि शिलाई मशीनच्या स्क्रू ड्रायव्हरनं त्याच्या पाठीवरचं छोटं झाकण उघडलं. व्हिडिओत दाखवतात तशी मेमरीची पट्टी बाहेर काढली. तिच्यावर कागदी लेबल होतं. ते तर उचकटून कुठंही चिकटवता येईल. खालच्या काठाला मात्र सोनेरी दातांची ओळ होती. तांब्यासारखी चीज तीच. लेकीचं लाल नेलपॉलिश घेतलं आणि कोपऱ्यातल्या दातांवर ठसठशीत ठिपका दिला. फुंकर घालून वाळवला, पट्टी जागेवर बसवली आणि तडक दुकान गाठलं. आता बघू काय करतो ते.

दुकानात काऊंटरशी एक वयस्कर गृहस्थ आपला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. मी पुढ्यातच उभी राहिले. दुकानदारानं रिकाम्या जागेत नवी मेमरी बसवली आणि लॅपटॉप चालू केला. पडदा काळाच. नुसतीच टूं टूं वाजली. मग त्यानं माझी जुनी मेमरी काढून बाजूला ठेवली आणि नुसत्या नवीवर चालू केला. झाला.

"ताई, तुमची जुनी गेलीय वाटतं," तो म्हणाला.

माझा आवाज चढला. "आज जेवायच्या आधी त्याच्यावर काम केलंय मी! तुमच्या हातात आल्यावर कशी गेली? बदलली असणार तुम्ही. हेच धंदे करायला उघडलंय का दुकान?"

"ताई, तुमच्या म्होरंच तर काढली."

"मग दाखवा! माझी निशाणी आहे तिच्यावर."

तेवढ्यात ते गृहस्थ उठले, लॅपटॉप पिशवीत घातला आणि बाहेर पडले. दुकानदार त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं पट्टी उचलून उजेडात धरली.

लाल ठिपका जागच्या जागी होता. मेमरी माझीच होती.

"ही निशानी व्हय?" त्यानं हळूच विचारलं. "याच दातांतून चालतंय ताई सगळं. त्येच बुजवलं तुमी."

त्यानं कापसाला स्पिरिट लावून ठिपका पुसला, वर खोडरबर फिरवलं आणि पट्टी परत बसवली. लॅपटॉप झटक्यात सुरू झाला. त्यानं झाकणाचे स्क्रू पिळले आणि लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय करावं सुचेना, म्हणून मी त्या गृहस्थांच्या मागं धावले. ते शेजारच्या टपरीवर चहा पिऊन रस्त्याच्या कडेला स्कूटरला पिशवी अडकवत होते.

"अहो, चूक माझी होती," मी धापा टाकत म्हटलं. "त्यांनी काही बदललेलं नाही. माणूस चांगला आहे. तुम्ही परत चला."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमच्या मनानं सांगताय," ते म्हणाले, "का त्येनं सांगाय लावलं?"

मी शपथसुद्धा घेतली. त्यांनी स्कूटर चालू केली आणि ते शहराच्या बाजूला निघून गेले. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.